नायिकेच्या हजेरीपटावर सही कोण करणार?

प्रणयकादंबरीच्या नायकाला काही किमान पात्रता लागते. रुंद खांदे, वडिलोपार्जित मालमत्ता आणि पहिल्याच भेटीत नायिकेवर खेकसण्याइतकी फुरसत. तो तिचं मनगट आवळतो, तिची नोकरी परस्पर सोडवतो, भर पावसात तिला रस्त्यावर उतरवून गाडी पुढे काढतो. शेवटच्या प्रकरणात उलगडा होतो की हे सगळं प्रेमापोटी होतं. नायिकेला अट एकच, तिनं सरळ प्रश्न विचारायचा नाही. ‘तुम्ही असं का वागता?’ एवढं तिनं तिसाव्या पानावर विचारलं तर पुढची सगळी पानं प्रकाशकाला कोरी बांधावी लागतील. अशा नायिकेबद्दल वाचकांची तक्रार जुनीच आहे: बाई नुसती रडते, थरथरते आणि वाट पाहते, करत काहीच नाही. ही तक्रार अर्धीच खरी आहे. कादंबरीतलं सर्वांत जिकिरीचं काम तीच करते. नायकाच्या प्रत्येक उद्धटपणाचा अर्थ लावायचा आणि खणत खणत त्यातून प्रेम बाहेर काढायचं, हे ते काम. तिची खरी अडचण अशी की या कामाची कुठे नोंद नाही आणि मजुरीही नाही.

हीच कादंबरी गोंदिया जिल्ह्यात घडवायची म्हटली तर लेखकाची पंचाईत होईल. नायिकेला खिडकीशी उभी करावी तर बाहेर रोवणी चालू. बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवण्याचं काम इथे मुख्यतः बायांचं. मागोमाग निंदण, मग धानाची कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि घरोघरी विड्या. नायकाने ऐन श्रावणात मनगट धरलंच तर त्या हातात पऱ्ह्यांची पेंढी असणार आणि प्रणयाचा पहिला डाग त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उमटणार. शिवाय या बाईला कामाचा हिशेब ठाऊक असतो. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या कामावर मस्टर म्हणजे हजेरीपट असतो, खोदलेल्या मातीचं मोजमाप होतं आणि बाईला पुरुषाइतकाच दर मिळतो. कागदावरचं आणि हातात पडलेलं यांत फरक पडतो, हेही तिला कळतं. पण निदान कागद तरी असतो. कादंबरीच्या नायिकेने नायकाचं काळीज कितीही खोल खणलं तरी मोजायला कुणी येत नाही.

असा नायक नको म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: ‘वाचतात बायकाच, आणि त्यांनाच असा नायक आवडतो.’ हा आक्षेप बहुधा असलं पुस्तक कधी न उघडलेले पुरुष घेतात. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने वाचक बायकांनाच विचारून पाहिलं. तिचं ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक १९८४ साली आलं. त्या बायकांना नायिका हवी होती बुद्धिमान, विनोदबुद्धी असलेली, स्वतंत्र बाण्याची. आणि नायक हवा होता हुशार, पण मायाळू. दरडावणं त्यांच्या मागणीत नव्हतं. मात्र रॅडवेने आणखी एक गोष्ट नोंदवली. नायकाचा सुरुवातीचा खडूसपणा म्हणजे जुन्या जखमेचा परिणाम, असा खुलासा पुढे झाला की वाचक त्याला माफ करत. म्हणजे नायिकेचं खणकाम वाचकही तिच्याबरोबर करत होत्या, तेही पुस्तक स्वतःच्या पैशाने विकत घेऊन.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दिवसभर राबलेल्या बाईला सोशिक नायिका भावते, असं म्हणतात. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या रात्री इकडच्या झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि तिथेही सोसणाऱ्या बाईला डोळे पुसणारा प्रेक्षक मिळतोच. थकलेल्या माणसाला कुणीतरी आपली काळजी घेतंय असं स्वप्न पडावं, यात गैर काही नाही. पण मग ते स्वप्न तरी पुरतं पडू द्या. विसाव्यासाठी पुस्तक उघडावं आणि तिथेही बाई राबतेच आहे, ह्याला विसावा कसं म्हणायचं? कल्पनेला एक पैसाही पडत नाही. ती राजवाडा देते, घोडा देते, परदेशची सफर देते. फक्त नीट बोलणारा माणूस द्यायची वेळ आली की तिचा हात आखडतो.

हा हात का आखडतो, ते मराठी वाचकांच्या इतिहासात दिसतं. १८६१ च्या ‘मुक्तामाला’ या कादंबरीपासून नायिकेवर संकटं कोसळत आली आणि ती सोसत गेली, तेव्हा कुणाची झोप उडाली नाही. १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहातल्या बाया मनातलं बोलू लागल्या, तेव्हा मात्र हाहाकार उडाला आणि टोपणनावामागे कोण दडलंय याचा तपास सुरू झाला. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला गुदरला, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवलं आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. शृंगार किती चालेल, याची तपासणी देशाच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत गेली. नायकाने विचारल्याशिवाय मनगट धरावं का, हा प्रश्न तालुक्याच्या कोर्टातही कुणी नेला नाही.

उरला शेवटचा आक्षेप: ‘दरारा काढून घेतला तर नायक मिळमिळीत होईल.’ हे म्हणणाऱ्यांनी गोंदियाचा सारस पाहावा. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः याच भागात तग धरून आहे. माणसाच्या उंचीचा, लाल डोक्याचा, घरट्याजवळ परका आला तर अंगावर धावून जाणारा. रुबाबात तो कुठल्याही नायकाला हार जाणार नाही. पण नर आणि मादी दोघं मिळून घरटं बांधतात, महिनाभर पाळीपाळीने अंडी उबवतात आणि ओरडतात तेही जोडीने. धाक परक्याला दाखवायचा आणि घरी पाळी सांभाळायची, एवढी अक्कल पाखराला आहे.

तेव्हा वाचकांनी नायिकेला आळशी म्हणणं थांबवावं आणि प्रत्येक कादंबरीला शेवटी एक मस्टर जोडायला लावावं: नायकाचे अपमान किती, नायिकेने लावलेले अर्थ किती, तिने दिलेल्या माफ्या किती. हिशेब समोर आला की बरेच नायक आपोआप बाद होतील. त्यांच्या रागाला प्रेम म्हणणारी बाई कामावरून उठली, तर मागे राहील तो नुसता तिरसट माणूस. आणि तसला माणूस पाहायला पुस्तक विकत घ्यावं लागत नाही.