कायम पड

माणसाने उतारवयात सोनं घ्यावं, काशीयात्रा करावी, गेलाबाजार गुडघे बदलून घ्यावेत. मी पुरंदरच्या माळावर एकरभर गवत विकत घेतलं. विहीर नाही, वीज नाही, आंब्याचं एखादं कलमही नाही. एक हिवर आहे, पण त्याची सावली इतकी विरळ की उन्हाला तिच्यातून जाताना वाकावंही लागत नाही. "करणार काय तुम्ही तिथं?" एजंटापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं. "काही नाही," हे माझं उत्तर ऐकून प्रत्येकाची खात्री पटली, की खरा बेत मी दडवून ठेवतोय.

कायद्याच्या लेखी माळही शेतजमीनच. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 सांगतं, की परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला ती घेता येत नाही. शिवाय तुकडेबंदी आहे. जिरायतीत 20 गुंठ्यांखालचा तुकडा सहसा नावावर होत नाही. माणसाची हौस किती लहान असावी, यालाही सरकारी किमान आहे. नांगराला माझा हात कधी लागला नव्हता. पण आजोबांच्या सातबारावर, चुलत्या-चुलतभावांच्या गर्दीत, माझं नाव एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशासारखं कसंबसं टिकून होतं. त्या नावाने मला शेतकरी केलं. आजोबांकडे असा दाखला कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. त्यांचे तळवे पाहिले की पुरे होत असे.

खरेदीखतात चतुःसीमा रीतसर लिहिल्या आहेत. पूर्वेला बांध, पश्चिमेला ओढा. गवताला त्या कुणी वाचून दाखवलेल्या नाहीत. कुसळीच्या बीला पीळ घातलेली लांब शेपटी असते. दमट हवेत तिचा पीळ सुटतो, उन्हात पुन्हा आवळतो, आणि या उलटसुलट फिरण्यातून बी स्वतःला मातीत पेरून घेतं. माती सापडली नाही तर माझ्या पायमोज्यात. ओढ्यापलीकडचं गवत असं माझ्या हद्दीत येतं, माझं पुण्याच्या सोसायटीपर्यंत जातं. मुद्रांक शुल्क कुणीच भरत नाही.

2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर करायची असते, फोटोसकट. मी माळावर उभा राहतो. गवत मांडीला लागत असतं, आत कुठेतरी तित्तिर भांडत असतात, वर चंडोल आपल्याच गाण्याला धरून आभाळात लटकलेला असतो. इतकी वर्दळ माझ्या सोसायटीत गणपतीतही नसते. मोबाइल विचारतो, पीक कोणतं? मी जरा घुटमळतो आणि 'कायम पड' निवडतो.

पाऊस उघडला की एक म्हातारे धनगरबाबा मेंढरं घेऊन येतात. पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "आता मालक कोन म्हनायचं ह्याचं?" मी जरा संकोचून म्हणालो, "मीच." "बरं झालं," म्हणत त्यांनी मेंढरं आत सोडली. त्यांचे वडीलही याच वाटेने जात. मेंढरं चरली, लेंड्या टाकून पुढे गेली, आणि पुढल्या पावसात तिथंच गवत दाट आलं. देण्याघेण्याची गोष्ट कुणी काढली नाही. मालक झाल्याचा याहून चांगला उपयोग मलाही सुचला नव्हता.

तुम्हीही असा तुकडा बघत असाल तर जरूर घ्या. मोजणी करा, फेरफार चढवा, सारा वेळेवर भरा. फक्त तारेचं कुंपण घालू नका. मेंढरांना फार वळसा पडतो.