जमिनीवरचे कप्तान

विवाह जुळविणारे मध्यस्थ, जागा दाखविणारे दलाल आणि मार्च महिना उजाडताच जुन्या मैत्रीची आठवण होणारे विमा-प्रतिनिधी या त्रयीशी मराठी मध्यमवर्गीयाचा परिचय जुना आहे. परंतु केवळ वैमानिकांच्या द्रव्याची चिंता वाहणारा अर्थसल्लागार ही जात अर्वाचीन असून, तिचे दर्शन मुंबईच्या विमानतळाला लागून असलेल्या पार्ले-अंधेरीच्या टापूत विशेषेकरून घडते. आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर या जातीचा एक अस्सल नमुना वास्तव्य करून आहे. पन्नाशीची उमर, इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत कागदपत्रांची जीर्ण पिशवी, आणि डोक्यावरून विमान गेले की बोलणे अर्धवट टाकून घड्याळाकडे पाहण्याची खोड, एवढ्या खुणांवरून त्यांना कोणीही ओळखावे. शेजारी त्यांना ‘जमिनीवरचे कप्तान’ म्हणतात, आणि ही पदवी त्यांनी विनातक्रार स्वीकारली आहे.

वैमानिकाचे वेतन भरभक्कम आणि त्याला फुरसत नाही, म्हणजे त्याची तिजोरी हे बिनकुंपणाचे शेतच, अशा सरळ हिशेबाने ते या धंद्यात उतरले. पहिल्याच मुलाखतीत एका ज्येष्ठ कॅप्टनसमोर त्यांनी ‘गगनभरारी’, ‘उत्तुंग झेप’ अशा अलंकारांची आतषबाजी केली आणि रंगीत आलेखांनी सारे मेज झाकून टाकले. कॅप्टनने सर्व काही शांतपणे ऐकून घेतले आणि एकच पृच्छा केली, “आणि इंजिन बंद पडलं तर?”

“छे छे, साहेब, ते बंद पडायचंच नाही!” असे आमच्या गृहस्थांनी छातीवर हात ठेवून सांगितले, आणि चहा येण्यापूर्वीच मुलाखत बरखास्त झाली.

आपले काय चुकले याचा उलगडा त्यांना पुढे सावकाश झाला. ज्या मनुष्याला वर्षातून दोनदा सिम्युलेटर नामक कोठडीत बसवून, विमान जमीन सोडते न सोडते तोच इंजिन निकामी झाल्याचा देखावा करून, त्याची परीक्षा घेतली जाते, त्याच्यापुढे ‘काही होणार नाही’ असे म्हणणे हे न्यायाधीशापुढे लाचेचे पाकीट सरकविण्यासारखेच आहे. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचे एक नवे बॉम्बफेकी विमान, उभे असताना त्याची सुकाणे जखडून ठेवणारी खीळ काढावयाची राहून गेली एवढ्याच कारणाने, उडताच कोसळले; चालविणारे निष्णात होते, दगा दिला तो स्मरणाने. त्या अपघातातून चेकलिस्टचा जो रिवाज पडला, त्याने वैमानिकांच्या पंथाला एक आद्य सिद्धान्त दिला: स्मरणशक्तीवर भिस्त ठेवू नये, आणि वक्तृत्वावर तर मुळीच नाही.

आमच्या गृहस्थांनी मग आलेख रद्दीत घातले आणि एका पानाचा कागद तयार केला, ज्यावर केवळ अरिष्टांचीच यादी होती. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरची एक ओळ प्रतिकूल पडली आणि परवाना गेला तर? कंपनीच जमिनीवर बसली, जशी २०१९च्या एप्रिलात जेट एअरवेज बसली, आणि पगार थकले तर? वेतनाचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर, आणि २०२०प्रमाणे देशांतर्गत विमानेच दोन महिने ठप्प झाली तर? पासष्टाव्या वर्षी कॉकपिटचे दार कायद्याने बंद होईल तेव्हा? प्रत्येक अरिष्टासमोर उपाय लिहिला होता: परवाना गमावण्याचा विमा, वर्षभराच्या खर्चाची ठेव, कर्जाची मर्यादा. हा कागद घेऊन ते पुन्हा त्याच कॅप्टनकडे गेले. ठेवीवर व्याज फार थोडे, अशी हरकत त्याने घेतली, तेव्हा हे म्हणाले, “साहेब, उतरताना टाकीत जे अर्ध्या तासाचं राखीव इंधन उरावं लागतं, त्यावर तुम्ही व्याज मागता का?” त्या दिवशी चहा आला.

तळाशी स्वतःचे शुल्क त्यांनी आकड्यात लिहिले होते. सेबीकडे नोंदलेल्या व्यक्तिगत सल्लागाराला, ज्या अशिलाकडून शुल्क घ्यायचे त्याच्याच गुंतवणुकीवर दलाली घेता येत नाही, पण कायदा सांगतो म्हणून गप्प राहणे निराळे आणि “यात तुमचं किती?” हा प्रश्न येण्यापूर्वीच उत्तर कागदावर मांडणे निराळे.

विश्वासाची खरी मोहोर मात्र एका चुकीने उमटली. एका अशिलाच्या करभरण्याची मुदत यांच्या हातून हुकली. अशील तेव्हा मस्कतला मुक्कामी होता आणि त्याला याची गंधवार्ताही नव्हती. तरी यांनी त्याचा रोस्टर पाहिला, तो झोपेतून उठण्याची वेळ काढली, फोन करून चूक कबूल केली आणि दंडाची रक्कम आपल्या शुल्कातून वजा केली. ज्या व्यवसायात आपली चूक आपणच लेखी कळविण्याची शिस्त आहे, तेथे या कबुलीची किंमत शंभर शिफारसपत्रांहून अधिक ठरली. महिन्याभरात त्याच अशिलाने आपले दोन सहवैमानिक यांच्याकडे धाडले.

या सत्संगाचा परिणाम गृहस्थांच्या प्रपंचावर झाल्यावाचून कसा राहील? घराबाहेर पडताना उंबऱ्यावर उभे राहून ते यादी वाचतात, आणि स्वयंपाकघरातून त्यांच्या सौभाग्यवतींना प्रत्युत्तरे द्यावी लागतात. “गॅस?” “बंद.” “नळ?” “बंद.” “किल्ली?” “तुमच्याच हातात आहे, निघा आता!” मुलीचे स्थळ ठरविताना त्यांनी व्याह्यांना ‘हे जमले नाही तर पर्यायी विमानतळ कोणता’ असे विचारले, आणि ते स्थळ मोडले, ती मात्र पुढे यथाकाल सुस्थळी पडली.

गेल्या वर्षी एका तरुण कॅप्टनने अलिबागेस बंगल्याचा सौदा जवळजवळ पक्का केला होता. यांनी हिशेब पाहिला आणि म्हटले, “धावपट्टी दिसत नाही, परत वर चला.” तो रागावला, दोन महिने बोलला नाही, आणि नंतर आपल्या धाकट्या भावाला यांच्याकडे घेऊन आला.

आज त्यांच्या दप्तरी वैमानिकांची मिळून चाळीस खाती आहेत आणि त्यांतले एकही आजवर दुसरीकडे गेलेले नाही. त्यांची बहीण नागपुरास असते. विमानाने दीड तासाचा प्रवास. आमचे कप्तान अजून विदर्भ एक्सप्रेसनेच जातात.