थोरले साडू

मराठी लग्नात प्रत्येक नात्याला काही ना काही काम लावून दिलेले असते. मामा मुलीला बोहल्यावर आणतो, भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, करवली करा सांभाळते. मुलीच्या बहिणीच्या नवऱ्याला मात्र शास्त्राने काहीच नेमून दिलेले नाही. त्यामुळे तो सगळ्यांवर देखरेख करतो. जिलेबी कमी पडणार, हे आचाऱ्याला पहिल्यांदा तोच सांगतो. आमच्या थोरल्या साडूंनी तर अक्षता पडून पाच मिनिटे होतात न होतात तोच माझ्या कानाशी येऊन सल्ला दिला, "दिवाळसणाला अंगठी घ्या. घड्याळ नको. मी घेतलंय, मागं पडतं."

तेलुगूत साडूला 'तोडल्लुडु' म्हणतात, म्हणजे जोडीचा जावई. कानडीत तो 'षड्डक'. दक्षिणेतल्या इंग्रजीत 'को-ब्रदर' असा शब्द चालतो. तो ऐकला की मला सहआरोपी आठवतो, आणि नाते तसे बरोबर कळते. आपल्याकडे नुसता साडू, फार प्रेम उतू गेले तर साडभाऊ. गणपतीत शाडूची मूर्ती आणली की "साडूकडे शाडूचा!" हा विनोद थोरले दरवर्षी करतात आणि दरवर्षी आधी स्वतःच हसतात.

साडूंची ज्येष्ठता वयावर नव्हे, बायकोच्या जन्मतारखेवर ठरते. हे गृहस्थ माझ्याहून लहान आहेत, पण त्यांची बायको थोरली आणि लग्नही आधीचे. सेवाज्येष्ठता निर्विवाद. त्यामुळे सासुरवाडीचे सगळे नियम मला त्यांच्याकडूनच समजतात. गीझरचे बटण कुठे आहे, न्हाणीघराची कोणती कडी अडकते, सासऱ्यांसमोर कोणत्या पक्षाचे नाव काढायचे नाही, सासूबाईंनी "अजून एक वाढू का?" विचारल्यावर कितव्यांदा नको म्हणायचे.

खरा कस लागतो तो धोंड्याच्या महिन्यात. जावई म्हणजे विष्णू, आणि त्याला तेहतीस अनारशांचे वाण. पण एकाच सोफ्यावर दोन विष्णू शेजारी बसवले की भक्तांची पंचाईत होते. 2023 साली अधिक श्रावणात आम्ही असे बसलो होतो. दोघांपुढे ताम्हणे, त्यांत दिवा. थोरल्यांची नजर दिव्यावर नव्हती, माझ्या ताम्हणाच्या काठावर होती. त्यांचे तांब्याचे, माझेही तांब्याचे, पण माझे किंचित रुंद. मग त्यांनी अनारसे मोजले. माझ्यातले दोन तुपात हसले होते, जाळी पार विस्कटलेली. ते पाहून साडूही हसले. नंतर जेवताना त्यांनी आपल्या ताम्हणातला एक अखंड अनारसा माझ्या पानात ठेवला. हा माणूस धड रागही येऊ देत नाही.

सासूबाई माझे कौतुक करतात तेही त्यांच्याच मापाने. "मोठे जावई पुढ्यात येईल ते खातात. तुमचं बरंय, तुम्ही मागून घेता." यातला चांगला जावई कोणता, यावर आम्ही दोघांनी गच्चीवर बराच ऊहापोह केला आहे. दोघी बहिणींचे बिनसले की त्यांची बोलणी आठवडाभर बंद असतात. तेव्हा थोरल्यांचा फोन येतो, आवाज हळू, "साडू, तिकडे हवामान कसंय?" मी सांगतो, "ढगाळ." मग दोघे मिळून ठरवतो की कोणी आधी कोणाच्या बायकोला भाजी विचारायची.

मागच्या वर्षी धाकट्या मेहुणीचे लग्न झाले. नवा जावई हुशार निघाला. पहिल्याच भेटीत त्याने सासऱ्यांच्या मोबाइलमधले फोटो सरळ केले. सासरे त्याला "अहो-जाहो" सोडून चक्क "बाळ" म्हणाले. थोरल्यांनी मला खुणेने गच्चीवर बोलावले.

"याला वेळीच सांगायला हवं," ते म्हणाले. "या घरात जावयानं एकदा काही दुरुस्त केलं, की ते जन्मभर त्याच्याच अंगावर पडतं. मी अजून माळ्यावरची टाकी पाहायला येतो."

खाली न्हाणीघरातून सासऱ्यांची हाक ऐकू आली. बाळाने पाना मागितला होता.