हत्यारं चोरीला कशी द्यावीत?
(नवशिक्या बंगलेवाल्यांसाठी सहा सोपे धडे)

कर्जतहून खोपोली लोकल पकडली की पहिलंच स्टेशन पळसदरी. समोर डोंगर, पावसाळ्यात धबधबे, तळं, स्वामी समर्थांचा मठ आणि गुंठ्यांचे भाव सांगणाऱ्या पाट्या. तुम्हीही त्यातली एखादी पाटी वाचून जागा घेतली असेल आणि पायाची आखणी झाली असेल, तर अभिनंदन. लवकरच तुमच्या साइटवरून काहीतरी जाणार आहे. ते विनासायास जावं, एवढ्यासाठीच हे धडे. प्रस्तुत लेखक ही परीक्षा पहिल्याच झटक्यात उत्तीर्ण झालेला आहे.

धडा 1 : खोलीवर पैसे घालवू नका

पहिल्याच दिवशी मिस्त्री विचारेल, "शेठ, हत्यारांना एक पत्र्याची खोली टाकू या का?" यावर उत्तर पाठ करून ठेवा : "अहो, इथं कोण येतंय!" हे वाक्य उच्चारलं की निम्मं काम झालं. मग सिमेंटच्या गोण्यांवर ताडपत्री, ताडपत्रीखाली ग्राइंडर, ग्राइंडरवर एक वीट. शनिवारी पगार वाटून आपण डोंबिवलीला परत. साइट, ताडपत्री आणि वीट रविवारभर पळसदरीत.

फाटकाला मात्र कुलूप हवंच, तेही भलंमोठं. कुंपण तीन बाजूंनीच झालेलं असलं तरी चालेल.

धडा 2 : हत्यारं कोणाची, ते विचारू नका

सळ्या आपल्या, सिमेंट आपलं, म्हणून हत्यारंही कुणाची तरी असतीलच, असं समजून चाला. प्रत्यक्षात थापी, ओळंबा, गुण्या, लेव्हलची नळी ही मिस्त्रीची असतात. रंधा आणि पटाशा सुताराच्या. ग्राइंडर आणि ड्रिल बहुधा हप्त्यावर घेतलेली. आमच्या मिस्त्रीची थापी मी एकदा हातात घेतली. लाकडी मूठ अंगठ्याखाली एवढी झिजलेली, की माझा अंगठा तिथं बसेचना. ती दुसऱ्या कुणाच्या हाताला बसणारच नव्हती. पण हे बारकावे बघत बसलात, तर खोली बांधावी लागेल. सबब धडा 1 पुन्हा वाचा.

धडा 3 : मोजदाद टाळा

संध्याकाळी हत्यारं मोजणं म्हणजे माणसांवर अविश्वास, असं मानावं. उदाहरणच घ्या : याच पळसदरीवरून 1856 साली खोपोलीपर्यंत रेल्वे गेली आणि पुढे बोरघाट फोडून 1863 साली गाडी वर खंडाळ्याला चढली. पंचवीस बोगदे, एका टप्प्यावर 40,000 हून जास्त मजूर. एवढ्या हातांतल्या पहारी आणि घणांचा हिशोब ठेवायचा म्हणजे काय, याचा विचार करा. तुमच्याकडे माणसं सहा, घमेली आठ. तुम्हाला कसली आलीय वही?

धडा 4 : "जरा दे की" ला नाही म्हणू नका

चोर रात्री भिंतीवरून उडी मारून येतो, ही सिनेमातली कल्पना. साइटवरचा खरा प्रकार भरदिवसा, चहाच्या वेळी, हसतमुखानं येतो : "मिस्त्री, जरा ग्राइंडर दे की, दोन फरशा कापायच्यात." शेजारच्या प्लॉटवर गेलेलं हत्यार तिथून पुढच्या प्लॉटवर जातं. तिथलं काम संपलं की टेम्पोत बसून चौक फाट्याला जातं. या प्रवासात चोरी नेमकी कुठे झाली, हे कोणालाच सांगता येत नाही. वहीत नाव, तारीख लिहिलीत, तर सगळी मजा गेली.

धडा 5 : संशय ताबडतोब घ्या

हा सर्वात सोपा धडा, कारण यात डोकं लागत नाही. सोमवारी ग्राइंडर दिसला नाही. मी वळून बघितलं ते थेट वाडीकडे. कातकरी वाडीतला एक पोरगा आमच्याकडे मातीकामाला होता. मी त्याचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणालो, "वाडीतल्या लोकांना आत सोडताना जरा बघत जा." तो समोरच घमेलं भरत होता.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. विटा त्यांनी थापायच्या, कोळसा त्यांनी पाडायचा आणि काही हरवलं की आधी झडतीही त्यांचीच. तिसऱ्या दिवशी ग्राइंडर सापडला : माझ्याच फरशीवाल्याच्या गोणीत, दुसऱ्या साइटवर, "उसना". तोवर पोरगा कामावर यायचा थांबला होता. कोपऱ्यात ठेवलेला स्वतःचा कोयता तेवढा घेऊन गेला होता. आमचा एक खिळाही त्यानं नेला नाही.

धडा 6 : बिलं फेकून द्या

एवढं करूनही पोलिसांत जायची हौस असेल, तर रिकाम्या हातानं जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण मालाची किंमत 5,000 रुपयांच्या आत, गुन्हा पहिलाच आणि माल परत दिलेला असेल, तर शिक्षा समाजसेवेची. आणि 5,000 रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही. मिस्त्रीचा ग्राइंडर नेमका या रेषेखाली बसतो. त्याची मजुरी बुडाली, याला कायद्यात रकाना नाही. त्यामुळे मिस्त्रीच्या पिशवीतल्या सगळ्या हत्यारांची यादी, बिलं, सिरियल नंबरचे फोटो असलं काही जवळ ठेवू नका. नाहीतर तक्रारीत सगळ्याची एकूण किंमत लागेल, ती या रेषेच्या वर जाईल आणि एफआयआरची प्रत फुकट हातात पडेल. तो तुमचा हक्कच आहे. आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही कलम 317 खाली शिक्षा आहे, हे भंगारवाल्याला चुकूनही सांगू नका.

परीक्षा

खंडेनवमीला मिस्त्रीनं साइटवर सगळी हत्यारं धुऊन मांडली. थापी, ओळंबा, पाने, पक्कड, शेवटी ग्राइंडर. प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. वर्षातून एकदा होणारी ही पक्की मोजदाद. सगळं जागेवर होतं. कोयत्याची जागा रिकामी होती, पण तो आमच्या यादीत कधी नव्हताच.

ज्यांना या परीक्षेत नापास व्हायचं आहे, त्यांच्यासाठी उत्तरं थोडक्यात. पाया खोदण्याआधी पत्र्याची खोली आणि आत लोखंडी पेटी. प्रत्येक हत्याराच्या मुठीवर एकाच रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा. दिलं-घेतलं वहीत, मोजदाद रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर. मिस्त्रीचं हत्यार तुमच्या साइटवरून गेलं, तर त्याची भरपाई तुम्ही करायची, हे कामाच्या पहिल्या दिवशी बोलून टाका. आणि काही हरवलंच, तर आधी वही उघडा, मग तोंड. ग्राइंडर कर्जतच्या बाजारात नवा मिळतो. तो पोरगा मात्र माझ्याकडे पुन्हा कामाला आला नाही.