सारसगणना, मुक्काम वाकड

जूनमध्ये आमच्या भागात दोन गोष्टी मोजल्या जातात, पाऊस आणि सारस. दोन्ही मनासारखे भरत नाहीत. पावसाचं माप सरकार काढतं, सारसांचं वनखात्याच्या जोडीला आमच्यासारखे रिकामटेकडे. पहाटे चारला उठायचं, गळ्यात दुर्बीण, खिशात वही, आणि उजाडायच्या आत परसवाड्याच्या नाहीतर झिलमिलीच्या तलावाकाठी जाऊन बसायचं. बोलायचं नाही, विडी पेटवायची नाही, खोकला आला तर गिळायचा. तांबडं फुटता फुटता लाल डोक्याची, माणसाएवढी उंच दोन पाखरं धानाच्या बांधीतून सावकाश चालत येतात. वहीत नोंद करायची : ठिकाण, वेळ, जोडी एक, पिल्लू नाही. सगळ्या गोंदिया जिल्ह्यात मिळून आता पन्नासही सारस उरले नाहीत. त्यामुळे एक जोडी दिसली तरी माणूस आठवडाभर दवनीवाड्याच्या चौकात तेच सांगत फिरतो.

यंदाची गणना आटोपली आणि वहिनीचा हुकूम सुटला.

"भाऊजी, ते दुर्बीण घेऊन आता पुण्याले जाऊन या. लग्नाले दोन वर्षं झाले, पण पोरगा न् सून फोनवर सोबत कधी दिसतच नाही. तो दिसते तं ती नाही, ती दिसते तं तो नाही. घरात दोघं राहून राहिले का एकच, एकदा पाहून तं या."

शंका रास्त होती. पुतण्या आणि सूनबाईचा एकत्र फोटो घरात एकच आहे, तोही लग्नातला.

सारसाची ख्याती अशी, की एकदा जोडी जमली की जन्मभर. वाल्मीकींसमोर बाण लागून पडलेला क्रौंच म्हणजे सारसच, असं काही अभ्यासक मानतात. गुजरातेत नव्या नवरानवरीला सारसाची जोडी दाखवायला नेण्याची रीत होती म्हणे. आमच्याकडे सारस घराच्या मागच्या बांधीत उतरतो, तरी नवरानवरीला तो दाखवायला सवड मिळत नाही. हळद उतरायच्या आत ती गोंदियाच्या स्टेशनवर असतात. पुतण्याचं तर जन्मापासूनच असं. जन्मला तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा झाला आणि पोरगं पाळण्यातून बाहेर येऊन पुरतं धावायलाही लागलं नव्हतं, तोवर जागेवरून न हलता त्याचा जिल्हा बदलला. ज्याचं स्थलांतर असं घरबसल्या सुरू झालं, तो पुण्यात थांबला हेच नशीब म्हणायचं.

आता सोयरिकीचं सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक होतं, आणि खुर्च्यांच्या रांगांमधून पोरी-पोरं बघितली जातात. पूर्वी मुलीचा बाप विचारायचा, "धान किती होते?" आता विचारतो, "पॅकेज किती आहे?" पाच एकर ओलिताची जमीन, ट्रॅक्टर, निर्व्यसनी मुलगा, एवढं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणतो, "ते ठीक आहे जी, पण पुण्याले कोणी आहे का?" परिणाम असा, की आमच्या गल्लीत पस्तिशी गाठलेले सहा नवरदेव मंडईत दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून उभे असतात. सारसगणनेत एकट्या पक्ष्याची नोंद वेगळ्या रकान्यात करतात. गावात तो रकाना भरून आता पाठपानावर लिहायची वेळ आली आहे. या सहांना रोवणी आणि कापणीचे दिवस सोडले तर वेळच वेळ आहे, बायको नाही. पुतण्याला बायको मिळाली, कारण तो पुण्याला आहे. आणि पुण्याला असल्यामुळे ती त्याला दिसत नाही. मुलीच्या बापाने असं जोखून जावई निवडला, की मुलीला नवऱ्याचा त्रास म्हणून होऊ नये.

महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. सकाळी गोंदियाला बसलं की दिवस मावळला तरी आपण महाराष्ट्रातच असतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुणं येतं. सोबत चिन्नोर तांदळाचा दहा किलोचा कट्टा, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणि दुर्बीण. वाकडला सोसायटीच्या फाटकावर अडवलं. पहारेकऱ्याने नाव, गाव, फ्लॅट नंबर विचारून मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "फ्लॅटवाल्यांनी ॲप्रूव्ह करायला पाहिजे." एक फ्लॅटवाला झोपला होता, दुसरी फ्लॅटवाली खराडीला ऑफिसात. तासभर कट्ट्यावर बसून होतो. अभयारण्यातसुद्धा इतकी कडक व्यवस्था नसते. शेवटी खराडीहून मंजुरी आली आणि वाकडचं फाटक उघडलं.

गणित असं. पुतण्या हिंजवडीत काम करतो, पण त्याचे साहेब अमेरिकेत. त्यांची सकाळ झाली की हा संध्याकाळी साडेसहाला कामाला बसतो, पहाटे चारला सुटतो, आणि कंपनीची गाडी एकेकाला घरी टाकत टाकत ह्याला पाचच्या सुमारास आणून सोडते. सूनबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीत. पावणेसातची बस, परत यायला रात्रीचे आठ. हिच्या येण्याआधी दोन तास तो गेलेला. शनिवारी तिला सुट्टी असते; ह्याचा शुक्रवार मात्र शनिवारी पहाटे संपतो, म्हणून शनिवार झोपेत जातो. उरला रविवार, तो कपडे धुण्याचा. हिंजवडी आणि खराडीच्या बरोबर मध्ये घर का घेतलं नाही, असं मी विचारलं. तर म्हणाला, "काकाजी, मधातलं घर परवडत नाही जी." पुण्यात मध्य परवडत नाही, हे मला पटलं.

घर छान आहे. वीस वर्षांच्या कर्जाचं आहे, त्यामुळे छान असणं भाग आहे. सारस गवत, लव्हाळे, काड्या जमवून दुसऱ्याच्या बांधीत घरटं करतो. नोंदणी नाही, हप्ता नाही, पार्किंगचे वेगळे पैसे नाहीत. अंडी घातली की नरमादी दोघंही पाळीपाळीने बसतात, महिनाभर. पाळी बदलताना एकमेकांना साद घालतात. नराच्या एका हाकेला मादीच्या दोन. इथे पाळी बदलते तेव्हा दोघांतलं एक जण तरी झोपलेलं असतं. साद मोबाइलवर जाते. सूनबाई दोन निरोप टाकते, तिकडून एक अंगठा येतो. बाल्कनीला जाळी लावली आहे, कबुतरं येऊ नयेत म्हणून. दुर्बीण काढून मी आसपासचे बारा मजले न्याहाळले. सगळीकडे जाळ्या, आत दोऱ्यांवर वाळणारे दोघांचे कपडे. कपडे मात्र जोडीने दिसले.

पक्षी दिसला नाही तर खुणांवरून नोंद घ्यावी, असा आमचा दंडक आहे. म्हणून पहिल्या दिवशी खुणा तपासल्या. मोरीत दोन टूथब्रश; सकाळी एक ओला, दुपारी चारनंतर दुसरा. गादीवर एका वेळी एकाच बाजूला खळगा. फ्रिजवर पांढरी फळी, तिच्यावर दोन हस्ताक्षरं. निळ्या शाईत : "सिलिंडर आला तर ओटीपी तुझ्याकडे." काळ्या शाईत : "दूध फाटलं. मी नाही फाडलं." त्याखाली निळ्यात : "मग कोणी?" हे भांडण सोमवारी सुरू झालं होतं आणि मी पोचलो त्या मंगळवारी अजून दूध कोणी फाडलं तिथपर्यंतच आलं होतं. आमच्या वेळी एवढ्या अवधीत भांडण होऊन, माहेरी जाऊन, परत येणंही उरकायचं.

खऱ्या माहितगार निघाल्या स्वयंपाकाच्या मावशी. लातूरकडच्या. दोघांनाही जागेपणी पाहिलेली घरातली ती एकमेव व्यक्ती.

"भांडणं होतात का हो?" मी हळूच विचारलं.

"डब्यावरून कळतंय की काका. बरं चाललं असलं की ताई म्हणते, त्यांच्या आवडीचं करा. बिनसलं की म्हणते, काहीबी करा. परवा दादांनी काहीबी खाल्लं."

दुपारी चारला पुतण्या उठला, पाया पडला, कॉफी केली. मी चिन्नोरचा कट्टा दाखवला. तो म्हणाला, "काऊन आणला एवढा काकाजी? इथे दहा मिनटांत घरपोच येते." चार महिने पाऊस झेलून, पऱ्हे टाकून, रोवून, निंदून, कापून, चुरून आमचा धान तयार होतो, आणि इथे तांदूळ दहा मिनिटांत उगवतो. मग भांडण सोडवायला दोघांना दहा मिनिटं का मिळू नयेत? हे मी मनात म्हटलं. तोंडाने, त्याच्या मोबाइलकडे पाहत, म्हटलं, "कॅलेंडर काय दाखवून राहिला बाप्पा मोबाइलवर?"

तर ते दोघांचं सामायिक कॅलेंडर होतं. त्यात हिरव्या रंगात रविवार दुपारी ४ ते ५:३०, मजकूर : "सोबत वेळ". सूनबाईने निमंत्रण पाठवलेलं, ह्याने स्वीकारलेलं. त्यापुढच्या रविवारी त्याच जागी "कार सर्व्हिसिंग" होतं आणि 'सोबत वेळ' पुढे ढकलली होती. मला मोठं कौतुक वाटलं. सरकारी खात्यात फाईल ढकलताना तारीखसुद्धा देत नाहीत.

आमच्याकडे काही सारस विजेच्या तारांना लागून मेले. पक्ष्यांच्या त्या हालांची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पुतण्याच्या घरात मी तारा मोजल्या. चार्जर, हेडफोन, राउटर, लॅपटॉप, दुसरा लॅपटॉप, मिळून सतरा. दखल घ्यायला कोणी नाही. मी घेतली असती, पण मला त्यातल्या एकीनेच मोबाइल चार्ज करायचा होता.

रात्री आठला सूनबाई आली. पाया पडली, दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "काकाजी, ते कसे आहेत?" आधी वाटलं, गावाकडच्या माझ्या भावाबद्दल विचारते. मग कळलं, नवऱ्याबद्दल. मी त्याला दुपारी दोन तास पाहिलं होतं, तिने रविवारपासून पाहिलं नव्हतं. मी सविस्तर अहवाल दिला : वजन बरं आहे, दाढी वाढली आहे, कॉफी फार पितो. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "दाढी मला आवडत नाही, सांगून ठेवा जी." मी फळीवर लिहून ठेवलं. तिसऱ्या शाईची सोय नव्हती, म्हणून काळीच वापरली, आणि दुसऱ्या दिवशी फळीवर उत्तर निळ्यात आलं, सूनबाईचं : "तुझी दाढी तुलाच आवडत नाही?" काळी शाई पुतण्याची होती, हे मला कुठे ठाऊक.

आता इथे खरं बोलायला हवं, नाहीतर घरी बायको हे सदर वाचेल आणि उरलेलं ती सांगेल. आमचं लग्न झालं तेव्हा एका वाड्यात सतरा माणसं होती. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायचं नाही, हा नियम. तिने डोक्यावरून पदर असा घेतला होता, की पहिले सहा महिने मी तिला मुख्यतः पायांवरून ओळखत होतो. मंडईचं नाटक पाहायला मी पुरुषांत, ती बायकांत. पडदा पडला की बत्तीच्या उजेडात ती कुठे बसली हे शोधण्यात माझा अर्धा अंक जायचा. रोवणीच्या दिवसांत एकदा मी बांधावर आणि ती चिखलात, दहा हातांवर, आणि मधे आई. तेव्हा "सोबत वेळ" मिळायला आमच्याकडे मोबाइल नव्हता; विहिरीवरचा दोर तुटावा लागायचा. म्हणजे दुरुस्तीला मी, पाण्याला ती. त्या वर्षी दोर पाच वेळा तुटला. वडिलांनी सुतळीवाल्याला शिव्या घातल्या. सुतळीवाल्याचा काही दोष नव्हता.

तरी वहिनीला सांगायला काही हवं होतं. गुरुवारी पहाटे हॉलमधल्या सोफ्यावर मी जागाच होतो. गणनेची सवय, चारला डोळा उघडतो. पाच वाजून दहा मिनिटांनी कुलूप फिरलं. पुतण्या आत आला, बूट हातात घेऊन. बेडरूमचं दार उघडलं आणि सूनबाई बाहेर आली, केस विस्कटलेले, तिचा गजर अजून व्हायचा होता. स्वयंपाकघर हॉलला लागूनच. तिने दिवा लावला नाही, गॅस लावला. निळ्या ज्योतीत दोघं ओट्याला टेकून उभी राहिली. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. दाढी केली होती त्याने, ऑफिसातच, कोणाच्या तरी ट्रिमरने, एका बाजूला जरा राहिली होती. ती हसली. मग दोघं कुजबुजत बोलू लागली. कान दिला, तर विषय दुधाचाच होता.

"तूच बाहेर ठेवलं होतं."

"बरं, मीच."

चहा एकच कप केला होता, तो दोघांत फिरत होता.

मी उशीखालून वही काढली. ठिकाण : वाकड. वेळ : ५:२२. जोडी : एक. पिल्लू : नाही. हा शेवटचा रकाना वहिनीने मुद्दाम विचारला असता म्हणून लिहिला, नाहीतर माझा काही आग्रह नाही. पेनाचा आवाज होऊ नये म्हणून पांघरुणाच्या आत लिहिलं.

एवढ्यात मला लघवीला लागली. मोरीची वाट ओट्यापुढूनच जाते. गणनेचा पहिला नियम असा, की पक्षी बिचकेल अशी हालचाल करायची नाही. पाच चाळीस झाले, चहा संपला, तरी ती दोघं तिथून हलेनात. मी पाय पोटाशी घेतले आणि घोरायला लागलो.