रॉकच्या जलशास जाण्याचा विधी (नांदेड व लातूर जिल्ह्यांपुरता)

विलायती रॉक संगीताचा जलसा प्रत्यक्ष समोर उभे राहून ऐकावा अशी वासना ज्याच्या ठायी उत्पन्न झाली आहे, आणि ज्याचे वास्तव्य प्रारब्धवशात गोदावरी व मांजरा या दोन नद्यांच्या आसपास आहे, त्या गृहस्थाने सर्वप्रथम हे ध्यानी धरावे की, जाहिरातीत हा कार्यक्रम एका संध्याकाळचा म्हणून दाखविलेला असला तरी त्याची खरी मुदत चार महिने, दोन रात्री आणि एक रजेचा अर्ज इतकी असते. मुंबईचा रसिक कचेरी सुटल्यावर लोकलने जातो, गाणे ऐकतो आणि मध्यरात्रीच्या आत घरी येऊन झाकून ठेवलेला वरणभात जेवतो. त्याच्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शिका लिहिलेली नाही, आणि त्याने ती वाचून आमचा मत्सर वाढवू नये.

आमच्या मुलखात गाणे नाही असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. नांदेडास शंकर दरबारात शास्त्रीय संगीताच्या मैफली भरतात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव होतो, आणि लग्नसराईत तर कानांस विश्रांती कशी ती ठाऊक नसते. परंतु विद्युत् गिटारीचे दिग्गज मात्र पुण्याच्या अलीकडे पाऊल टाकीत नाहीत. आयर्न मेडन या मातबर मंडळाने आपल्या जगप्रवासाचा नारळ १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात फोडला, आणि त्यांचे विमान त्यांचे गायक ब्रूस डिकिन्सन हे स्वतः चालवीत होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचा विमानतळ नव्याने सजत होता. गायक तोच वैमानिक असता विमान थोडे पूर्वेकडे वळविण्यास कोणाची मंजुरी आणावी लागली असती, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

या विधीत आचार्याचे स्थान ज्यांना द्यावे लागते ते लातूरचे आमचे एक स्नेही होत. ते बँकेत अधिकारी आहेत. बारावी त्यांनी लातूर पॅटर्नच्या ऐन भरात केली, आणि तेव्हापासून आयुष्यातील यच्चयावत घटना ही परीक्षा असून तिला वेळापत्रक, सराव चाचणी आणि गुणपत्रिका असते, या सिद्धांतावर त्यांची अढळ निष्ठा आहे. स्वतःच्या लग्नाआधी त्यांनी मंगलाष्टके पाठ केली होती असे म्हणतात. आम्ही चौकशी केलेली नाही.

तिकिटाची बाब सर्वांत बिकट. कोल्डप्ले या मंडळाचे नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावरील जलसे जानेवारी २०२५ मध्ये ठरले आणि त्यांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी, दुपारी बारा वाजता खुली झाली. दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत असूनही त्या अदृश्य रांगेत उभे राहिलेल्यांस लाखांच्या घरातले क्रमांक मिळाले. (हे मंडळ खऱ्या अर्थाने रॉक म्हणावे की नाही, या वादात शिरू नये. स्नेह्यांनी त्याचा निकाल 'हा कला शाखेचा रॉक आहे' असा दिला असून त्यावर अपील नाही.) स्नेह्यांनी घरातील सर्व फोन ताब्यात घेऊन प्रत्येकापुढे एकेक नातलग बसविला होता आणि साडेअकरा वाजल्यापासून कोणासही पाणी पिण्यास उठण्याची मुभा नव्हती. त्यांच्या वयोवृद्ध आत्या मात्र पोथी मिटून एवढेच म्हणाल्या, "पितरपाटात कुणी काही नवं घेत असतंय का रे? मिळायचं नाही तुला." शनिवारच्या जलशाची तिकिटे गेली, रविवारचीही गेली. पुढे आयोजकांनी मंगळवार, २१ जानेवारीचा तिसरा जलसा ऐनवेळी वाढविला आणि त्यात आमची वर्णी लागली. आत्यांनी आपले मत बदलले नाही. "एवढ्या लांब जाऊन उभंच राहायचं," त्या म्हणाल्या, "आन् त्याचे पैसे बी द्यायचे?"

या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणत्याही रसिकास देता आलेले नाही. देऊ पाहू नये.

मंगळवार निघाला म्हणजे रजा आली. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' असे लिहावे. खरे कारण लिहिल्यास साहेबांस ते खोटे वाटते.

आता अभ्यासक्रम. मोठी मंडळे जगभर फिरताना गावोगावी जवळजवळ तीच गाणी त्याच क्रमाने वाजवितात, आणि आधीच्या गावांची यादी जिज्ञासूंस सहज उपलब्ध असते. ती पाहावी किंवा न पाहावी, हा ज्याच्या त्याच्या वृत्तीचा प्रश्न आहे. आम्ही न पाहण्याच्या पक्षाचे. स्नेह्यांनी मात्र अशा यादीवरून हमखास येणारी, बहुधा येणारी आणि क्वचित विचारली जाणारी असे गाण्यांचे तीन वर्ग पाडून त्यांची चौकटी वही तयार केली, हमखास वर्गाची रोज पहाटे उजळणी ठेवली, आणि शब्द चुकल्यास पुन्हा पहिल्या कडव्यापासून आरंभ करण्याचा दंडक स्वतःवर लादून घेतला. शेजाऱ्यांनी, मुलगा नीटला बसणार दिसतो, अशी समजूत करून घेतली होती. ती कोणी दुरुस्त केली नाही.

पोशाखाविषयी एकच सूचना: मुंबईत 'भयानक मौत' या नावाचे एक नामांकित मंडळ आहे, त्याचे नाव छापलेला सदरा घालून सकाळी देवपूजेच्या वेळी घरात वावरू नये. पायांत मात्र बंद बूटच असावेत. अंधारात गर्दी आपल्या अंगठ्याची कदर करीत नाही.

प्रवासाचा भाग तपशीलवार सांगणे प्राप्त आहे, कारण येथे मुंबईकरांचे सल्ले सर्वस्वी कुचकामी ठरतात. नांदेडहून संध्याकाळी सुटणारी पनवेल गाडी परभणी, परळी, लातूर, कुर्डुवाडी व पुणे असा वळसा घेत सकाळी पनवेलास पोचते. नांदेडकर आधी बसतो, लातूरकर रात्री चढतो, आणि झोपलेल्या नांदेडकरास उठवून त्याची सराव चाचणी घेतो. पनवेलास उतरल्यावर दादरकडे धावण्याचे कारण नाही. तेथूनच हार्बरची लोकल धरली की खारघर, बेलापूर, सीवूड्स करीत नेरुळ येते आणि क्रीडांगण तेथून जवळच आहे. जलसा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर असेल, जसा गन्स अँड रोझेसचा १७ मे २०२५ रोजी होता, तर मनमाडमार्गे जाणाऱ्या गाडीने दादरला उतरावे, पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूस जावे आणि चर्चगेटकडील धीमी लोकल पकडून प्रभादेवी, लोअर परळनंतर उतरावे. जलद लोकल तेथे थांबत नाही. ही एवढी माहिती आम्हांस कोणी फुकट दिली नव्हती.

शिदोरीत धपाटे व शेंगांची चटणी असावी आणि ती दारावर पोचण्यापूर्वी संपवावी. आत खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. आतील खाद्यपदार्थांच्या दरपत्रकाचे केवळ वाचन करावे.

दारावरील झडतीत फोन भारित करण्याची बॅटरी, छत्री, काडेपेटी, अत्तराची कुपी इत्यादी जिन्नस जप्त होण्याचा संभव असतो आणि त्याविषयी तक्रार नाही. परंतु पाण्याची बाटलीही ओतून टाकण्यास सांगतात, आणि येथे मात्र लातूरच्या माणसाची तऱ्हा वेगळी होते हे सुरक्षारक्षकांच्या वरिष्ठांनी जाणून घ्यावे अशी आमची नम्र दरखास्त आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, आणि ती पाहायला जी माणसे लोटली त्यांत आमचे स्नेही होते. अशा गृहस्थास अर्धी भरलेली बाटली पिंपात रिकामी करा असे बावीस वर्षांच्या पोराने सांगावे! स्नेही बाजूस सरले, बाटली तोंडास लावली आणि रांग खोळंबलेली असताना सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, संपविली. मागून कोणीतरी इंग्रजीत कुरकुरले. आम्ही त्या वेळी विनोद केला नाही आणि आताही करीत नाही. त्याचे फळ म्हणून पुढे ऐन रंगात त्यांस प्रसाधनगृहाची रांग धरावी लागली, ती बाब वेगळी.

उभे कोठे राहावे? अननुभवी रसिक मंचाच्या पुढ्यात जाण्यासाठी दुपारपासून कोपरे मारतो, आणि तेथे त्यास ढोलाचा दणका छातीत व गायकाचा घसा कोठेतरी आकाशात असा विभक्त अनुभव येतो. मैदानाच्या मध्यावर एक मचाण असते, त्यावर ध्वनिसंयोजक आपली शेकडो बटणे घेऊन बसलेला असतो. तो स्वतःच्या कानाला जे गोड लागेल तसे सर्व वाद्यांचे प्रमाण जुळवितो. सबब त्या मचाणाच्या आगेमागे उभ्या राहणाऱ्यास तोच मेळ ऐकू येतो, आणि खरे गाणे ऐकायचे असेल तर जागा हीच. औषधाच्या दुकानात स्पंजाचे बोळे मिळतात ते कानात घालावेत. स्नेह्यांनी घरच्या कापसाचे आणले होते. त्याने आवाज अडत नाही, फक्त समाधान लाभते.

चुकामूक झाल्यास भेटण्याची खूण आधी ठरवावी. हजारो माणसे एका मैदानात लोटली की फोन निरुपयोगी होतो. माळेगावच्या यात्रेत हरवलेल्या माणसाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारतात. येथे तशी सोय नाही.

गाणे सुरू झाल्यावर काय करावे, याविषयी नियम करणे कठीण. स्नेह्यांनी पहिली काही गाणी ओठांतल्या ओठांत म्हणून, बोटांवर खुणा करीत, समाधानाने मान डोलाविली. मग ती मंडळी मंच सोडून मैदानातल्या एका लहानशा चौथऱ्यावर आली आणि तेथे वहीच्या बाहेरचे एक गाणे त्यांनी लावले. स्नेह्यांचा चेहरा पडला. "हे पोर्शनमध्ये नव्हतं," ते म्हणाले. आम्ही त्यांस धीर देणार तोच त्या हजारोंच्या मनगटांवर येताना बांधावयास दिलेले दिवे एकदम पिवळे झाले, आणि बँकेचे हे अधिकारी, ज्यांनी शाखेच्या स्नेहसंमेलनातही कधी टाळी मोठ्याने वाजविली नाही, ते दोन्ही हात वर करून, एक शब्द येत नसता, नुसत्या स्वरांवर गाऊ लागले. वही पायाखाली गेली होती. कोणी ओळखीचे नाही, शेजारी नाही, साहेब नाही, आत्या नाही. पुढची पाऊण घटका ते आमच्याकडे वळले नाहीत, आणि आम्ही त्यांस हाक मारली नाही.

तो मनगटावरचा दिवा जाताना परत द्यावयाचा असतो. स्नेह्यांनी तो दिला आणि पोचपावती मागितली.

रात्री दहाला सर्व शांत होते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे, आणि वर्षातील मोजके दिवस सोडता तीत सवलत नाही. मुंबईत हा कायदा किती कडक, हे धोबीतलावच्या रंगभवनास विचारावे: १९८६ पासून तेथे इंडिपेंडन्स रॉकच्या निमित्ताने पोरांच्या पिढ्या जमल्या, आणि पुढे शेजारच्या रुग्णालय-महाविद्यालयांमुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरून तो मंच मुका झाला. कायदा योग्यच आहे, आम्ही त्याचे समर्थक आहोत. मग आमच्या गल्लीत वरातीच्या ट्रकवरचे कर्णे रात्री साडेबाराला खिडकीच्या काचा हलवितात, तेव्हा हा कायदा कोणत्या गावी गेलेला असतो? गिटारवाल्याला दहाला गप्प करता, ठीक. त्या ट्रकवाल्याला एकदा तरी करा!

असो. परतीचा प्रश्न. मराठवाड्याचे भाग्य असे की देवगिरी व लातूर या दोन्ही गाड्या मुंबईहून रात्री नऊच्या सुमारास सुटतात, म्हणजे मुख्य मंडळ नुकते रंगात आलेले असते तेव्हा. पनवेलची गाडी तर दुपारीच नांदेडकडे निघून गेलेली असते. सबब गर्दीतून वाट काढीत कळंबोलीच्या नाक्यावर यावे आणि मुंबईहून येणाऱ्या खासगी स्लीपर बसची प्रतीक्षा करावी. बस सांगितलेल्या वेळी येत नाही. वरचा बर्थ घेऊ नये. स्नेह्याशेजारचाही घेऊ नये, कारण पहाटेपर्यंत उत्तरपत्रिकेची फेरतपासणी चालते: हमखासपैकी किती आली, बहुधापैकी किती गळाली, आणि ते पोर्शनबाहेरचे गाणे धरावे की वगळावे.

येडशीच्या चहाला बस थांबली तेव्हाही हा हिशेब चालू होता. बाकावर बसलेले, फेटा बांधलेले एक आजोबा बराच वेळ ऐकत होते. त्यांनी विचारले, "कितीला पडला म्हणावं बँड?"

स्नेह्यांस खोटे बोलता येत नाही. त्यांनी दोघांच्या तिकिटांची बेरीज सांगितली.

"एवढ्यात आमच्या गावचा दोन दिवस वाजवील की हो मालक," आजोबा म्हणाले, "आन् जेवून बी जाईल."

स्नेह्यांनी खिशातून पेन काढून त्या मंडळाचा नंबर लिहून घेतला आणि, गिटार आहे का, अशी पृच्छा केली. गिटार नाही, पण कॅसिओ आहे, असे उत्तर मिळाले.