मातीसर

सरांचं खरं नाव कॉलेजच्या मस्टरवर आहे. आमच्या हौशी नाट्यसंस्थेत ते ‘मातीसर’. एक तर त्यांच्या दर तिसऱ्या वाक्यात ‘आपल्या मातीतलं’ येतं. शिवाय गेल्या काही स्पर्धांत त्यांनी भासाची आणि कालिदासाची जी केली, तीही तीच. यंदा त्यांनी शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ घेतलं, म्हणजे सरळ मातीची गाडीच, तेव्हा नाव पक्कं झालं.

अंगात हातमागाचा झब्बा, खांद्याला शबनम, तिच्यात नाट्यशास्त्राची प्रत आणि घुंगरांची एक जोडी. ही घुंगरं कोणाच्या पायात मी पाहिलेली नाहीत. सर रिक्षात चढतात तेव्हा ती वाजतात. तमाशा मात्र सरांनी पाहिलाय. एका चर्चासत्रात, दुपारी दोन ते साडेतीन, जेवणानंतर.

त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला. नांदी म्हणजे गण, प्रस्तावना म्हणजे बतावणी, विदूषक म्हणजे सोंगाड्या आणि वसंतसेनेची लठ्ठ आई म्हणजे साक्षात मावशी. आता विदूषक मैत्रेय तिच्या वाड्याचे आठ चौक ओलांडून या आईपाशी पोचतो आणि तिच्या घेरावरून जे बोलतो, ते खरोखरच आपल्या बतावणीत खपेल. तेव्हा सिद्धान्त अगदीच टाकाऊ नाही. फक्त तो जागेप्रमाणे फिरतो. संस्कृतच्या पंडितांपुढे सगळं नाट्यशास्त्रातून तमाशात उतरतं आणि लोककलेच्या अभ्यासकांपुढे तमाशातून नाट्यशास्त्रात चढतं.

हबीब तन्वीर हे सरांचं दैवत. १९५८ साली तन्वीरांनी छत्तीसगडहून ‘नाचा’ करणारे सहा कलावंत दिल्लीला नेले आणि ‘मिट्टी की गाडी’ उभी केली. ही गोष्ट सर दर तालमीला सांगतात, आणि तन्वीर शेजारच्याच गल्लीत राहत असल्यासारखी सांगतात. पुढचा भागही सोडत नाहीत. हे कलावंत हिंदीत अवघडायचे, आखून दिलेल्या हालचालींत अडखळायचे. त्यांना त्यांच्या छत्तीसगढीत मोकळं सोडलं पाहिजे हे तन्वीरांना उमगायलाही बरीच वर्षं जावी लागली. इथे सरांचा गळा दाटतो. मग ते चष्मा पुसतात, खिशातून खडू काढतात आणि फरशीवर आमच्या उभं राहण्याच्या जागी फुल्या मारू लागतात.

मी बँकेत कॅशियर. नाटकात झीलकरी, म्हणजे मागे उभं राहून ‘जी जी रं जी’. माझी फुली खिडकीजवळची.

यंदा सरांनी शकारासाठी फडातला खराखुरा सोंगाड्या आणला. वय साठीपुढचं, दात मोजके, आवाज मात्र शेवटच्या रांगेच्याही मागे चहावाल्यापर्यंत जाणारा. आम्ही त्यांना तात्या म्हणायला लागलो. पत्रिकेत सरांनी ‘लोकतत्त्व मार्गदर्शक’ असं छापलं. ते वाचून दाखवल्यावर तात्यांनी, त्याचे वेगळे पैसे आहेत का, एवढंच विचारलं.

शकार कोण हे सरांनी पाऊण तास समजावलं. सत्तेचा माज, विकृत वासना, विद्रूपाचं सौंदर्यशास्त्र.

“मास्तर, थोडक्यात सांगा. राजाचा कोन ह्यो?”

“मेव्हणा.”

“मग आधी सांगायचं न्हाई व्हय! आमच्या तालुक्यात असलं दोन हायत.”

फुल्यांवर मात्र बिनसलं. “तात्या, इथून तीन पावलं डावीकडे, मग थांबा, मग प्रकाश येईल.”

“उजेड पडल्यावर मी कशाला थांबू? थांबायचं ते पब्लिकनं.”

पहिल्या अंकात शकार अंधाऱ्या रस्त्यात वसंतसेनेचा पाठलाग करतो. तात्यांनी संहितेची दोन वाक्यं म्हटली, तिसरं आठवेना. थांबले नाहीत. आमच्या वसंतसेनेभोवती, म्हणजे तलाठी कार्यालयातल्या बाईंभोवती, एक गिरकी घेतली आणि ओरडले, “आता कुटं जाशील गं? रावनाच्या तावडीत कुंती घावावी तशी घावलीस!”

आम्ही फरशीवर लोळलो. ढोलकीवाल्याला उचकी लागली. तलाठीबाई पळायचं विसरून हसत बसल्या.

सर हसले नाहीत. “तात्या, रावण रामायणातला. कुंती महाभारतातली.”

“ते मला ठावं हाय मास्तर. त्याला ठावं न्हाई.”

“पण हे संहितेत नाही. शूद्रकात असलं काही चालणार नाही.” सरांनी शबनममधून मूळ संस्कृत पुस्तक काढलं. तालमीत मूळ काढायचं म्हणजे आमच्याकडे पोलीस बोलावण्यासारखं असतं. सर वाचत गेले, एका ओळीवर बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. मी मागून डोकावलो. संस्कृत मला शाळेत पन्नास मार्कांपुरतं, पण ‘रावण’ आणि ‘कुन्ती’ कळायला तेवढं पुरे. ते दोघे शूद्रकानेच एका ओळीत शेजारी शेजारी बसवले होते.

रूपांतरात ती ओळ सरांनी गाळली होती. समासात त्यांच्याच अक्षरात शेरा होता : ‘ग्रामीण प्रेक्षकांना कळणार नाही.’

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग सर म्हणाले, “ठेवू या. तुम्हाला सापडतंय का तेच बघत होतो.”

तात्यांनी विडी पेटवली. “ह्ये शूद्रक कुटल्या फडातलं म्हनायचं?”

सर लगेच खुलले. नाटकाच्या सुरुवातीलाच सूत्रधार सांगतो, की हा कवी राजा होता, शंभर वर्षं आणि दहा दिवस जगला आणि मग त्याने अग्निप्रवेश केला.

“त्येच्याच नाटकात त्येच्याच मरनाची बातमी?”

“हो. त्यावर विद्वानांत पुष्कळ वाद आहेत. दंतकथा, प्रक्षेप, कर्तृत्वाचा प्रश्न...”

“वाद कसला त्यात? म्हातारा गेला, मागं पोरांनी फड चालवला.”

सरांनी वही काढली आणि ते लिहून घेतलं. महिन्याभराने मी त्यांच्याबरोबर एका चर्चासत्राला गेलो होतो, जेवणासाठी. ‘सामूहिक कर्तृत्वाची लोकपरंपरा : एक नवे गृहीतक’ असा सरांचा निबंध होता. तळटिपा एकवीस होत्या. तात्या एकीतही नव्हते. टाळ्या थांबल्यावर सर खाली उतरले, माझ्या शेजारी बसले आणि हळूच विचारलं, “तात्यांची बिदागी दिली होती ना रे आपण?”

राहिली होती.